कोल्हापूर–नागपूर: हवेतून अंतर किती आणि दारापासून दारापर्यंत वेळ किती?

कागलची_सून

नमस्कार मंडळी.

माझं माहेर नागपूर, धरमपेठ. सासर कागल. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. गेल्या वर्षी आई गेली आणि बाबा आता तिकडे एकटे आहेत. वय ७८. या हिवाळ्यात दोन महिन्यांसाठी त्यांना इकडे आणायचं ठरवलंय. डोकं तल्लख आहे, पण गुडघे गेलेत. तासभर एका जागी बसले की पाय आखडतात, मग उठायला हात द्यावा लागतो.

आजवर आम्ही महाराष्ट्र एक्स्प्रेसनंच ये-जा केली. पुणे, मनमाड, भुसावळ असा वळसा घेत ती नागपूरला पोचते, तोवर चोवीस तास उलटून गेलेले असतात. मुलं लहान होती तेव्हा ते निभावलं. बाबांना त्या डब्यात बसवायची कल्पनाही आता करवत नाही.

२०२५ मध्ये स्टार एअरनं कोल्हापूर–नागपूर थेट विमान सुरू केलं. तिकिटावर वेळ दिसते साधारण दीड तास. बाबांना फोनवर सांगितलं तर ते थोडा वेळ गप्पच झाले. मग म्हणाले, "दीड तासात? मग अंतर तरी किती आहे गं आपल्यात?"

मला उत्तर देता आलं नाही. शोधलं तर एका ठिकाणी ७००, दुसऱ्या ठिकाणी आठशेच्या वर, तिसरीकडे १२००. खरं कुठलं? आणि दीड तास म्हणजे घरातून निघून घरी पोचेपर्यंत नेमके किती? बाबांना खरा आकडा सांगायचा आहे. नोकरीभर टपालाचा हिशेब ठेवलेला माणूस आहे, अंदाजपंचे चालत नाही त्यांना.

---

मिरजकर

ताई, तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत.

१२०० च्या आसपासचा आकडा तुमच्या महाराष्ट्र एक्स्प्रेसचा. ती पुणे-मनमाडवरून जाते म्हणून एवढा. आठशेच्या वरचा आकडा रस्त्याचा: सांगोला, मंगळवेढा, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा. ७०० हा हवेतला.

पंढरपूर, लातूर, परभणीवरून जाणारी कोल्हापूर–नागपूर गाडीही आहे, पण ती आठवड्यातून दोनदाच. आणि रात्र गाडीतच जाते, ते चुकत नाही.

---

आकाशवाट

हवेतल्या अंतराचा हिशेब घरी वहीवर करता येतो. बाबांना आवडेल म्हणून पूर्ण मांडतो.

उजळाईवाडी विमानतळ साधारण १६.६६ अक्षांश, ७४.२९ रेखांशावर. नागपूरचा सोनेगाव विमानतळ २१.०९ आणि ७९.०५ वर. म्हणजे उत्तरेकडे ४.४३ अंश आणि पूर्वेकडे ४.७६ अंश.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढाच असतो, पण उत्तरेला सरकू तसा आखडतो. आपल्या पट्ट्यात, १९ अंशांच्या आसपास, तो १०५ किलोमीटर भरतो. तेव्हा उत्तरेकडे ४९१ किलोमीटर, पूर्वेकडे ५००. आता शाळेतला काटकोन त्रिकोण: दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर ७०१. पृथ्वीचा गोलावा धरून काटेकोर सूत्र लावलं तर ७०२ येतं. वैमानिकांच्या मापात ३७९ सागरी मैल.

दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या आहेत ते बघा. त्यामुळे कोल्हापूरहून नागपूर जवळपास अचूक ईशान्येला आहे.

---

सीताबर्डी

७०१ वरून आठवलं. समृद्धी महामार्गाची नागपूर ते भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतची लांबीसुद्धा ७०१ किलोमीटरच आहे. म्हणजे ताईचं माहेर आकाशातून जेवढं लांब, तेवढीच इथून मुंबईची वेस रस्त्यानं. बाबांना हे सांगजा, नागपूरच्या माणसाले लगेच अंदाज येते.

---

यंत्रमाग_इचल

मला एक कळेना झालंय. जेट विमान ताशी आठशेनं जातंय म्हणतात. ७०० भागिले ८०० म्हणजे पन्नास-बावन्न मिनिटं. मग तिकिटावर दीड तास कशापायी? चाळीस मिनिटं कुठं मुरली?

---

आकाशवाट

प्रश्न अगदी नेमका आहे. मी काही वर्षं विमानांच्या उड्डाण-नियोजनाच्या कामात होतो, तेव्हा रोज हेच करत होतो.

तिकिटावरची वेळ हवेतली नसते. विमान उभ्या जागेवरून हलतं तिथून, ते दुसरीकडे उभं राहतं तिथवरची असते. याला ब्लॉक टाइम म्हणतात. तो असा भरतो:

धावपट्टीच्या टोकापर्यंत रांगत जाणं आणि परवानगीची वाट पाहणं, दहा मिनिटं धरा. मग चढाई. तेहतीस हजार फूट गाठायला वीसेक मिनिटं लागतात आणि त्या वेळात विमान आठशेनं जात नसतं. चढताना वेग कमी, आणि दहा हजार फुटांखाली तर साधारण ताशी ४६० किलोमीटरची मर्यादाच असते. उतरायचा ढोबळ नियम असा की दर हजार फुटांना तीन सागरी मैल. म्हणजे तेहतीस हजारांवरून खाली यायला शंभर सागरी मैल, १८५ किलोमीटर. कोल्हापूरला येणारं विमान पंढरपूर यायच्या आधीच उतरायला लागलेलं असतं!

चढाईत १८०-१९० आणि उतरणीत १८५ किलोमीटर गेले की पूर्ण वेगानं कापायला उरतात सव्वातीनशे. तिथे पंचवीस मिनिटं. एकूण हवेत पासष्ट ते पंच्याहत्तर मिनिटं. खाली रांगणं धरून ऐंशी-पंच्याऐंशी. वरची पाच-सात मिनिटं कंपनी हाताशी ठेवते, म्हणजे थोडं इकडेतिकडे झालं तरी वेळापत्रक कोसळत नाही. ती राखीव मिनिटं मला गैर वाटत नाहीत. छोट्या कंपनीचं एकच विमान दिवसभरात चार-पाच गावं करतं. सकाळी वीस मिनिटं गेली तर संध्याकाळपर्यंत सगळ्या गावांना उशीर.

हाच प्रवास पंख्याच्या एटीआर विमानानं केला तर ताशी पाचशेच्या हिशेबानं पावणेदोन तासांच्या पुढे जाईल. या मार्गावर एम्ब्रेअरचं जेट असल्यानं दीड तासात बसतं.

अजून एक. कोल्हापूरची धावपट्टी ०७/२५ आहे. हे आकडे दिशेचे, शेवटचं शून्य काढलेले: ७० अंश आणि २५० अंश. नागपूरहून येताना तोंड नैर्ऋत्येला, म्हणजे २२५ अंशांवर असतं. वारा पश्चिमेचा असेल तर २५ वर जवळजवळ सरळ उतरता येतं. वारा पूर्वेचा असेल तर विमानतळ ओलांडून पश्चिमेला जायचं, वळायचं आणि ०७ वर यायचं. पाच-सात मिनिटं तिथे जातात. बाबांना आधी सांगून ठेवा, नाहीतर गाव दिसलं आणि विमान पुढे का चाललंय म्हणून जीव घाबरा होतो.

---

यंत्रमाग_इचल

लई भारी समजावलंत दादा. आता पटलं.

---

ढगांची_नोंद

वाऱ्याचा विषय निघालाच आहे तर माझी थोडी भर. हवामान निरीक्षणात नोकरी गेली माझी.

हिवाळ्यात आपल्याकडे नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून वारे वाहतात. कोल्हापूरहून नागपूरला जाताना ते मागून रेटतात, परतताना समोरून अडवतात. हा मार्ग तिरका असल्यानं पूर्ण जोर लागत नाही, अंतरही कमी, त्यामुळे फरक तीन-चार मिनिटांचाच. पण असतो. ताईंच्या वडिलांचं विमान नागपूरहून येणार, म्हणजे त्यांना तो समोरून लागेल.

पावसाळ्यात हे उलटतं. खाली नैर्ऋत्य मोसमी वारे जोरात असतात, पण जेट ज्या उंचीवर जातं तिथे पूर्वेकडून येणारा प्रवाह असतो. म्हणजे जमिनीवर छत्री एका दिशेला उलटते आणि तीस हजार फुटांवर वारा विमानाला विरुद्ध दिशेला ढकलतो. चाळीस वर्षं नोंदी करूनही मला याचं अप्रूप वाटतं.

---

वर्धेचा_मास्तर

आकाशवाट यांनी दिलेले अक्षांश-रेखांश घेऊन मी नकाशावर पट्टी ठेवली. भूगोल शिकवतो, राहवलं नाही. ताई, ही रेघ कुठून जाते ते बाबांना जरूर सांगा.

सोनेगाव सोडलं की सेवाग्राम-वर्धा. मग यवतमाळच्या जवळून, उमरखेडच्या बाजूनं, पूर्णा जंक्शनवरून गंगाखेड. प्रवासाचा बरोबर मध्य गंगाखेड आणि परळी वैजनाथ यांच्या दरम्यान येतो. पुढे बार्शी उजवीकडे ठेवून पंढरपूर, जवळजवळ डोक्यावरूनच. मग सांगलीच्या वरून उजळाईवाडी. विमान दर वेळी पट्टीसारखं सरळ जात नाही, वाहतूक नियंत्रक सांगतील तसं थोडं इकडेतिकडे होतं. पण ढोबळ वाट हीच.

आणि नद्या मोजा: वर्धा, पैनगंगा, पूर्णा, गोदावरी, मांजरा, सीना, भीमा, कृष्णा, वारणा, पंचगंगा. दहा! महाराष्ट्रात असा दुसरा हवाई मार्ग दाखवा, जो दीड तासात विदर्भ, मराठवाडा आणि दक्षिण महाराष्ट्राच्या दहा नद्या ओलांडतो.

खिडकी उजवीकडची मागा. नैर्ऋत्येला जाताना दुपारचं ऊन डावीकडून येतं, उजवीकडे डोळ्यांवर चकाकी येत नाही. शिवाय शेवटच्या टप्प्यात उजनीचं पाणी उजव्या हातालाच आहे. पन्नासेक किलोमीटर दूर असेल, पण एवढं मोठं धरण आहे की निरभ्र दिवशी दिसायला हवं.

---

गडहिंग्लज_०७

एवढं सगळं ठीक, पण माझा अनुभव वेगळा आहे. एका कंपनीच्या विमानानं (मार्ग दुसरा होता) आदल्या संध्याकाळी निरोप पाठवला की उद्याचं उड्डाण रद्द. पैसे परत मिळाले, पण दवाखान्याची वेळ हुकली ती हुकलीच. पुढचं विमान दोन दिवसांनी होतं. मोठ्या शहरात एक रद्द झालं तर दुसरं मिळतं, आपल्याकडे मिळत नाही. दीड तासाचं कौतुक करताना हा भाग कुणी सांगत नाही. गाडी उशिरा का होईना, पोचवते.

---

आकाशवाट

तुमचं म्हणणं खरं आहे आणि त्याला पळवाट नाही. लहान विमानतळावर अंतर मिनिटांत मोजतात, पण त्याआधी आठवड्यातले दिवस मोजायला हवेत. विमान रोज नसेल तर चुकलेल्या विमानाची किंमत दोन-दोन दिवस असते.

म्हणून दोन गोष्टी पाळा. पोचल्या दिवशीच डॉक्टर, लग्न किंवा कोर्टाची तारीख ठेवू नका. आणि वेळापत्रक मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. त्या आसपासचं तिकीट असेल तर आठवडाभर आधी पुन्हा तपासा.

---

सांबऱ्याहून

२०२२ मध्ये बेळगाव–नागपूर विमान सुरू झालं तेव्हापासून आम्ही कोल्हापूरकर मंडळी बेळगावला जाऊन ते पकडायचो. पहाटे उठून एकशे दहा किलोमीटर गाडी, मग विमान. उजळाईवाडीहून थेट सेवा झाली तेव्हा आमचे जाऊन-येऊन चार-पाच तास वाचले. विमानाचा वेळ तोच, पण घर ते विमानतळ हा तुकडा कमी झाला. खरा फरक तिथं पडतो.

---

रानजाई

शक्तिपीठ महामार्ग झाला तर रस्त्यानंही पटकन जाता येईल ना? वर्ध्यातल्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीपर्यंत ८०२ किलोमीटरचा आराखडा मांडला होता म्हणे.

---

मिरजकर

तो विषय मोठा आहे. आमच्या आणि कोल्हापूरच्या शेतकऱ्यांचा त्याला कडाडून विरोध आहे, त्यांच्या पिकत्या जमिनी जातायत. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहीन. इथे ताईंच्या बाबांचा प्रवास चाललाय.

---

कागलची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं बाबांना फोनवर वाचून दाखवलं. ७०१ चा हिशेब त्यांनी स्वतः वहीवर केला आणि वर्गमूळ हातानं काढलं, भागाकाराच्या पद्धतीनं.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मला माहीत होती पण कधी नीट ऐकली नव्हती. बाबा रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये होते. १९६८ मध्ये लागले आणि सुरुवातीची काही वर्षं सोनेगावला रात्रपाळी होती. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चारही दिशांनी टपालाची विमानं मध्यरात्री नागपूरला उतरायची. पोत्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेच्या आत चारही परत जायची. बाबा पोती मोजायचे. म्हणाले, "त्या विमानांत हात घालून पोती काढली, पण कधी आत बसलो नाही."

तिकीट काढलंय. मीच जाऊन घेऊन येणार आहे. आता गुडघ्यांचं आणि सामानाचं सांगा.

---

ढगांची_नोंद

ताई, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. रात्रीची ती टपालसेवा १९४९ मध्ये सुरू झाली. नागपूर देशाच्या मध्यावर म्हणून निवडलं गेलं. दिल्लीत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी मद्रासला, हे त्या काळी केवढं मोठं काम होतं! आम्ही त्या विमानांसाठी हवेचे अहवाल पाठवायचो. कदाचित माझा एखादा कागद त्यांच्या हातून गेला असेल.

---

सीताबर्डी

चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवा, निदान ४८ तास आधी कळवा. ही गोष्ट मागायले लाजू नका. माझ्या आईनं पहिल्या वेळी नको म्हटलं अन् मग धापा टाकत चालली.

विमानाच्या शिडीचं वेगळं सांगा. लहान विमानाला बहुतेकदा पायऱ्याच असतात, खुर्ची पायथ्यापर्यंतच जाते. पायऱ्या चढता येत नाहीत हे आधी नोंदवलं तर वर नेण्याची सोय करतात. आणीबाणीच्या दरवाज्याजवळची ऐसपैस जागा मात्र वयस्कांना देत नाहीत, तिच्यासाठी भांडू नका.

औषधं हातातल्या पिशवीत. लोणचं मोठ्या बॅगेत, हातात नेऊ देत नाहीत. संत्री खुशाल न्या. उतरताना कान दडपतात, तेव्हा घोटघोट पाणी पाजा.

---

यंत्रमाग_इचल

उजळाईवाडीहून कागलला हायवेनं वीस मिनिटं धरा. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीची पाळी सुटायची वेळ असली तर दहा वाढवा.

---

कागलची_सून

आलो आम्ही. मिनिटांसकट लिहिते, बाबांचा तसा हुकूमच आहे. नोंदी त्यांच्याच.

धरमपेठेतलं दार बंद केल्यापासून सोनेगाव: २४ मिनिटं. तिथे आत १ तास ५० मिनिटं. हे मला जास्त वाटलं, पण खुर्ची, तपासणी, बाथरूम सगळं निवांत झालं. बाबा खुर्चीतून उतरून दोनदा चालून आले, पाय आखडले नाहीत. विमान जागेवरून हललं ते चाकं जमीन सोडेपर्यंत ९ मिनिटं. हवेत १ तास १२ मिनिटं. उतरल्यावर थांबेपर्यंत ४. म्हणजे ८५ मिनिटं, आकाशवाट दादांनी सांगितलं तेवढीच. बॅग हातात यायला १७ मिनिटं. गाडीनं कागल २३. दार ते दार ४ तास १९ मिनिटं.

वारा पूर्वेचा असावा, कारण विमान खरंच पुढे पश्चिमेला जाऊन वळून आलं. बाबांनी शेजारच्या घाबरलेल्या मुलाला समजावलं की ०७ वर उतरतायत. वळताना खाली पंचगंगा दिसली.

मास्तर सर, तुमच्या दहा नद्यांची यादी त्यांनी पोस्टकार्डाच्या मागे लिहून आणली होती. दिसली की खूण करायची. वर्धा, पैनगंगा, गोदावरी, भीमा, कृष्णा, पंचगंगा अशा सहा खुणा झाल्या. पूर्णा नक्की कुठली ते ठरेना, म्हणून प्रश्नचिन्ह. उजनी दिसलं, पार क्षितिजापर्यंत. पंढरपूर बरोबर पोटाखाली गेलं असणार, ते दिसलं नाही. त्यांनी तरी हात जोडले.

शिडीच्या वरच्या पायरीवर ते क्षणभर थांबले होते, दाराच्या कडेला हात ठेवून. मागे रांग होती, पण कुणी काही बोललं नाही.

पोस्टकार्ड आता आमच्या फ्रिजवर आहे.

---

वर्धेचा_मास्तर

परत जाताना तोंड ईशान्येला असेल, तेव्हा डावीकडची खिडकी मागा. मांजरा धनेगावच्या धरणाजवळ शोधायची, पाण्याचा साठा दिसला की ती. सीना पंढरपूर गेल्यावर लगेच, दोन-तीन मिनिटांत. पूर्णेसाठी रेल्वेचा पूल बघा. वारणेला घाई करावी लागेल, ती उड्डाणानंतर लगेच येते.